खोडलेल्या तारखा

सोमवार, ता. ९

प्रिय भिंगरीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. मी खुशाल आहे, तूही असशीलच. गुडघा आहे तसाच आहे, त्याचं विचारू नकोस.

आज घरी पाहुणे आले, पण सगळ्यात आधी उगवली ती खालची शिवणवाली. पाहुणे अजून जिन्यातच होते, तर ही गळ्यात टेप अडकवून दारात हजर. म्हणते, "कोण हो आजी? स्थळ घेऊन आलेत की काय?" मी म्हटलं, "हो, माझ्यासाठीच. मुलगा पंच्याऐंशीचा आहे, पण दात स्वतःचे आहेत." तर हसत हसत आतच येऊन बसली. हिची शिलाई बुडाली तरी चालेल, पण बातमी बुडायला नको!

पाहुणे म्हणजे कॉलेजातली एक उंच बाई आणि तिचे सर. सरांना तीन जिने चढून इतका दम लागला की आधी दोन पेले पाणी, मग नमस्कार. माझ्या घरात चार माणसं एकदम! कप कमी पडले. मी तुझ्या दुधाच्या पेल्यातून चहा घेतला. किती महिन्यांनी मोठं पातेलं काढलं म्हणून सांगू.

तर ती दोघं अभ्यास करताहेत आमच्या कॉम्प्युटरच्या वर्गाचा. माणसांना शिकावंसं का वाटतं आणि मधेच सोडून द्यावंसं का वाटतं, यावर म्हणे मोठी पदवी मिळते. आमच्या वेळी छडी होती, का शिकता असं कुणी विचारलं नाही. चौथीत शाळा सोडली तेव्हा का सोडली, तेही नाही विचारलं.

बाईने कागद दिला. एकेक वाक्य आणि पुढे पाच चौकोन, 'अजिबात पटत नाही'पासून 'अगदी पटतं'पर्यंत. पहिलंच वाक्य, "या शिक्षणामुळे मला बढती मिळेल." मी म्हटलं, "बाई, या वयात माझी बढती झाली तर थेट वरच." सरांना चहाचा ठसका लागला. शिवणवालीने पाठ चोळली त्यांची.

छान चाललं होतं गं. मग बाईने पिशवीतून दुसरा कागद काढला.

तुला आमची परीक्षा ठाऊक आहे. जाताना तूच माझं नाव घातलंस, ग्रंथालयाच्या माडीवर. कुठलं पुस्तक कुणी नेलं, परत कधी यायचं, हे मशीनमध्ये भरायचं आणि शेवटी तारीख उलटून गेलेल्यांची यादी काढायची. वीस पुस्तकं, वीस नोंदी. मी तीनदा बसले, तीनदा नापास. दर वेळी तुला फोनवर सांगितलं, "नाही गं जमलं, डोकं म्हातारं झालं."

बाई म्हणाली, "आजी, मागच्या दोन्ही वेळा तुम्ही विसाच्या वीस तारखा बरोबर भरल्या होत्या. शेवटच्या पाच मिनिटांत त्यातल्या आठ पुसल्या. दोन्ही वेळा. का हो?"

मी पाटीवरच वाढलेली. पुसलं की गेलं, एवढंच मला ठाऊक. हे मशीन पुसलेलंही जपून ठेवतं, किती वाजता पुसलं त्यासकट! शिवणवाली तर आणखी पुढे सरकून बसली.

मी म्हटलं, "बोट चुकून लागलं असेल." बाई म्हणाली, "आठ वेळा?" मग सर सावकाश म्हणाले, "आजी, तुमचे मास्तर आम्हाला म्हणाले की वयस्कर माणसांना शिकवायला मीच कमी पडतो. तुमच्यासाठी त्यांनी अख्खा धडा दोनदा नव्याने लिहिला."

लाज वाटली गं. तो माणूस माझ्या बोटावर बोट ठेवून शिकवतो आणि मी त्याला खोटं पाडते.

त्यांना नाही सांगितलं. तुला सांगते.

तू टॅक्सीत बसताना म्हणाली होतीस, "आजी, तू पास झालीस की मी येणार. दोघी शेजारी उभ्या राहून फोटो काढू." पहिल्या वेळी मी खरंच नापास झाले. तुला सांगताना रडू येत होतं. तू म्हणालीस, "बरंच झालं आजी, नाहीतरी मला सुट्टी मिळणार नव्हती." हसलीस. खूप मोकळं हसलीस. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ते हसूच ऐकत बसले.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं. मी नापास आहे तोवर तुझं येणं नुसतं राहिलंय. पास झाले आणि तू नाही आलीस, तर मग काय म्हणायचं त्याला? म्हणून पुसत राहिले. शिवाय वर्गात रोज हजेरीला माझं नाव पुकारतात. दिवसभरात तेवढंच कुणीतरी मला हाक मारतं. रागावू नकोस. तुझा दर रविवारचा फोन येतो, मी तक्रार करत नाही. कामाची माणसं तुम्ही, मागे चार जण खोळंबलेले असतात. शिवणवाली विचारते तेव्हा मी अर्धा तास बोललो असंच सांगते.

तर परवा परीक्षेचा चौथा फेरा आहे. परवा म्हणजे गुरुवारी. बघ, दिवससुद्धा चुकतात माझे. पण तारखा चुकायच्या नाहीत. या खेपेला वीसच्या वीस तशाच ठेवणार आहे. मास्तरांसाठी म्हण. मलाही जरा कळू दे, मला येतं ते.

तू येशील का, हे मी विचारलेलं नाही. पत्र पुन्हा वाचून बघ, कुठेही नाही विचारलं. वर एक ओळ खोडली आहे ती दिव्यासमोर धरू नकोस.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
गुरुवारपर्यंत नापास असलेली
आजी

ता. क. कॉलेजवाले निकाल बघायला पुन्हा येणार आहेत. गुरुवारी, चार वाजता. बाईने माझ्यासमोर वहीत तारीख लिहून घेतली.