नव्या शाखेचा पहिला दिवस

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. कपाळाला टाके पडलेत खरे, पण मी धडधाकट आहे आणि वेळेवर जेवतो.

काल आमच्या स्वस्त बाजाराची इथली शाखा उघडली. मालकांनी एका गाळ्यात सुरुवात केली होती; आता जिल्ह्यात आमच्याशिवाय पान हलत नाही. दार उघडताच गावातले दुकानदार गज घेऊन घुसले. त्यांनी काचा फोडल्या, तेलाचे डबे उपडे केले, गल्ल्यावरच्या मुलीला केसांना धरून फरफटवलं. मी तिला सोडवायला धावलो, तेव्हा एका म्हाताऱ्या किराणावाल्याने माझ्या कपाळावर गज हाणला. मी शटरची सळई उचलून त्याच्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचा आवाज आला. तो सांडलेल्या तेलातच खाली बसला आणि म्हणाला, "पोरा, आता तराजू कोणत्या हाताने धरू?"

मालकांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. आज दुकान पुन्हा उघडलंय आणि गिऱ्हाईक मावत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? धाकटी अभ्यास करते की नुसती हुंदडते?

बाबांच्या दुकानात कोणी फिरकतं का गं? मालकांनी आपल्या गावात जागा घेतलीय, बाबांच्या अगदी समोर. तिथे मलाच पाठवणार म्हणतात. बाबांना एवढ्यात सांगू नकोस, मी येऊन सांगेन. मी नाही म्हटलं तर दुसरा कोणी येईल, आणि तो बाबांना ओळखत नसेल.

तब्येत सांभाळ.

तुझा,
थोरला