उदक सोडलेले नाव

८ जानेवारी, पौष शुद्ध नवमी

श्रीकृपेने आज मरोळला चिरंजीवांच्या घरी प्रवेश झाला. राजेश बोटीवर असतो. सूनबाई श्रुतिका आणि आम्ही उभयता, एवढाच इथला संसार. देव मांडण्यासाठी श्रुतिकेने खिडकीजवळची पूर्वेची जागा आधीच मोकळी करून ठेवली होती. त्या मुलीची ही जाण पाहून कणकवलीपासूनचा शीण उतरला. खिडकीतून कारखान्यांचे पत्रे दिसतात, पलीकडे मेट्रोचा पूल. माडांविना जानकीला चैन पडत नाही. "सकाळी उठान बघूचा काय, पत्रे?" असे तिने विचारले. सूर्य तोच आहे, असे मी म्हटले, तर म्हणाली, सूर्याचा खोबरा होत नाय.

गतवर्षी तिच्या हृदयाची झडप बदलली. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज सायंकाळी अर्धी, मी स्वतः पात्याने कापून देतो. अर्ध्याची एक झाली तर अंगातल्या अंगात रक्त वाहू लागते. औषधनिर्मात्याची पत्नी म्हणून तिचा एक नेम आहे: माझ्या हातून आल्याशिवाय औषध तोंडात घालायचे नाही. रुग्णालयातल्या परिचारिकाही या नेमापुढे थकल्या होत्या.

१० जानेवारी, एकादशी

फराळानंतर श्रुतिकेने भ्रमणध्वनीवर एक नवल दाखविले. फार्मासिस्टांची नोंदवही आता कोणालाही घरबसल्या पाहता येते. क्रमांक घातला की नाव, छायाचित्र आणि नोंदणीची मुदत. विभाग घातला की तेथील दुकाने आणि प्रत्येक दुकानात कोणाची नेमणूक आहे ते. माझा क्रमांक मला मंत्रासारखा पाठ. घातला, आणि "सहदेव" हे नाव छायाचित्रासह समोर उभे राहिले. नोंदणी वैध, सध्या कोठेही कार्यरत नाही. चित्रगुप्ताने स्वहस्ते खाते उघडून दाखवावे तसे वाटले. बालकासारखा पुन्हापुन्हा पाहत राहिलो.

मग मरोळची दुकाने पाहिली. आमच्याच इमारतीखालचे, प्रितम नावाच्या गृहस्थाचे दुकान निघाले. औषधनिर्मात्याची जागा रिक्त. तेथून काही आणू नये, असे मी सांगितले. "बाबा, तुम्ही पण ना! अख्खी बिल्डिंग तिथूनच घेते," असे म्हणून श्रुतिका हसली.

१२ जानेवारी

प्रितम स्वतः वर आला. माणूस अदबीचा. त्याचा फार्मासिस्ट सोडून गेला. तपासणी झाली की दुकानाला टाळे लागेल. माझे नोंदणीपत्र भिंतीवर टांगू दिले तर दरमहा भाडे देईन, येऊन बसण्याचीही गरज नाही, असे त्याचे म्हणणे. इकडे ही रीत सर्रास चालते म्हणे.

मी स्पष्ट नकार दिला. विद्येचा विक्रय निषिद्ध, मग नावाचा कसा चालेल? परंतु तळमजल्यावरचे काशीराम, जुने गिरणी कामगार, काठी टेकत आले आणि म्हणाले की हे दुकान गेले तर मधुमेहाच्या गोळ्यांसाठी मी हमरस्ता कसा ओलांडू? जानकीनेही त्यांची बाजू घेतली.

दिवसभर विचार केला. जे विकता येत नाही ते दान करता येते.

१४ जानेवारी, मकरसंक्रांत

पर्वकाळी दुकानात गेलो. नोंदणीपत्रावर तुळशीपत्र ठेवले, देशकालाचा उच्चार केला, नाव आणि गोत्र सांगून प्रितमच्या हातावर उदक सोडले. "न मम." भाडे नाही, अट नाही, दानात अट घातली की तो व्यवहार होतो. प्रितम ओशाळून हसत म्हणाला, "काका, पाणी कशाला? झेरॉक्सपण चालली असती." त्याला कळावे अशी अपेक्षाही नव्हती. तिळगूळ देऊन परतलो. मन कापसासारखे हलके.

१७ जानेवारी

नोंदवहीत पालट झाला आहे: सहदेव, मरोळ, कार्यरत. लिफ्टपाशी काशीरामांनी हात जोडले. सकाळी दुकानात मी त्यांना गोळ्या नीट समजावून दिल्या, म्हणून. मी आज पोथी सोडून उठलोच नव्हतो. वृद्धाचा दृष्टिभ्रम, असे मानले.

२० जानेवारी

जानकीच्या हाती गोळ्यांची नवी पट्टी. कोणी दिली, असे विचारता ती वैतागली. "अवो, तुमीच दिलास मा मगाशी! अर्धी नको, अख्खी घी म्हणालास. आता माका काय इचारतास?"

श्रुतिकेला घेऊन खाली गेलो. दुकानात पांढरा कोट घातलेला कोणी पाठमोरा उभा राहून गोळ्या पुडीत बांधत होता. आपली पाठ आपण कधी पाहिलेली नसते. मला ओळख पटली नाही. ती श्रुतिकेला पटली. तिने माझ्याकडे पाहिले, काचेकडे पाहिले, आणि ती जिन्याकडे धावली.

२१ जानेवारी

काशीराम गेले. साखर एकाएकी उतरली. उशाशी गोळ्यांची पुडी होती, मात्रा दुप्पट. पुडीवर माझे नाव.

श्रुतिकेला सारे सांगितले. ती म्हणते, बाबा, तुमचं वय झालं, खाली बसणं बंद करा. काल काचेपलीकडे काय पाहिले, ते तिला आठवत नाही.

आता उमगते. मी केवळ नावाचे उदक सोडले. विद्या दिली नाही, अनुभव दिला नाही. काचेपलीकडच्या त्या पांढऱ्या कोटवाल्यापाशी नाव आहे आणि नावाखाली काहीच नाही. तो द्वेषाने देत नाही. हाताला लागेल ते देतो.

२३ जानेवारी

दिलेले परत घेणे हे घोर पातक. ते पत्करून खाली गेलो, माझे पत्र परत द्या म्हणालो. प्रितमने अदबीने विचारले, "आपण कोण?" मी नाव सांगितले. त्याने हसून आत हाक मारली, "काका, हे बघा, तुमच्या नावाचे कोणी आलेत." आतून माझ्या आवाजात उत्तर आले. मी पळालो. पळालो हे लिहिताना लाज वाटते.

नोंदवहीच्या कार्यालयाला फोन केला. नाव काढून टाका म्हणालो. पलीकडची बाई म्हणाली, सहदेवराव सकाळीच बोलले, त्यांची काही तक्रार नाही.

२५ जानेवारी, एकादशी

जानकीच्या हिरड्यांतून रक्त. दंडावर जांभळे डाग. पट्टी तीन वेळा फेकली. तो नवी आणून देतो. त्याच्या हातून ती घेते, कारण हात माझा आहे. तिचा नेम —

मी तिच्या कानाशी ओरडलो. ती खिडकी लावून घेऊ लागली. वारा फार सुटला, म्हणाली.

२६ जानेवारी

रखवालदाराने फाटकातच अडविले. कोणाकडे जायचे? दार उघडून श्रुतिका म्हणाली, बाबा तर आत जेवतायत, आपण कोण? तिच्या बगलेखालून आत शिरलो. तिने पाहिले नाही. आता पाहतच नाही.

पाटावर तो. माझा चौरंग, माझी संध्येची पळी. मंत्र चुकीचे म्हणतो. जानकीला ते कळत कसे नाही —

२७ जानेवारी

संध्येला बसलो. संकल्पात नाव येते तेथे जीभ थांबते. गोत्र आठवते. नाव नाही. या वहीच्या मागच्या पानांवर ते आहे, दिसते, वाचता मात्र येत नाही.

जानकी उठत नाही. डॉक्टरांना बोलाव, श्रुतिके, बोलाव. तो म्हणतो, गरज नाही, मी आहे ना.

सायंकाळ

पलंगापाशी बसून लिहितो आहे. पेन्सिल अजून धरता येते. तो पाणी घेऊन आला आहे. तळहातावर गोळ्या — एक नव्हे. मूठभर. हसतो आहे. माझेच हसू, फक्त —

तिने हात पुढे केला. मी मध्ये उभा आहे. त्याचा हात माझ्यातून —

जानकी, घेऊ नकोस. इकडे बघ. हा नव्हे. मी — मी तुझा —