ड्रममधली पिल्लं

३ फेब्रुवारी
आमच्या गावात, लंबासात, डेंग्यू आलाय. रेडिओवर रोज तेच, साठलेलं पाणी ओता. बाकीच्यांनी ओतावं. मी गटारातून एक गप्पी मासोळी धरून आणली. पोट टम्म, शेपटीकडे काळा डाग. गाभण. लायब्ररीच्या पुस्तकात असंच चित्र आहे. पिल्लं झाली की डासांच्या अळ्या खातील. पावसाच्या पाण्याच्या ड्रममध्ये सोडली. फूलमती म्हणाली, अहो, ड्रमच ओता ना, सोपं पडेल. हिला विज्ञानाचं वावडं.

८ फेब्रुवारी
मासोळी सुस्त. तळाशी बसून असते. दिवस भरले. ड्रमचं झाकण काढून टाकलं, बाळंतिणीला हवा हवी. पिल्लांना लपायला पाणगवत. फूलमती म्हणाली, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही बस घेऊन सावुसावूला होतात.  ड्युटी ती ड्युटी.

११ फेब्रुवारी, सकाळ
पोट सपाट. सुटका झाली. पिल्लं दिसत नाहीत, गवतात असणार. आई पिल्लं खाते असं पुस्तकात ठळक छापलंय, म्हणून तिला ताबडतोब काढून खिडकीतल्या बरणीत ठेवलं. अगदी वेळेवर. शेजारची वासेवा कुंपणावरून म्हणाली, ड्रायव्हर, बाई जेवून आल्यासारखी दिसते रे. 

१६ फेब्रुवारी
दिसली. ढिगाने. काळपट, बारीक, वळवळती. चाहूल लागली की सगळी तळाला. डोकं खाली, शेपटी वर करून पाण्याच्या वरच्या थराला लटकतात. हे पुस्तकात नाही. लेखकाने नीट पाहिलेलं नसावं. फूलमती म्हणाली, चष्मा लावून बघा. तीस वर्षं डोंगरातून बस चालवली, मला चष्मा नको. रोटीचा चुरा घातला.

२० फेब्रुवारी
पिल्लं स्वल्पविरामासारखी वाकली. डोकी मोठी. मेंदू वाढतोय. पाण्यावर पातळ साली तरंगतात. संध्याकाळी ओसरीवर बसवत नाही इतके डास. ड्रम नसता तर काय झालं असतं, या विचाराने धडकी भरली.

२३ फेब्रुवारी
निम्मी गायब. वासेवाचं मांजर. तिला बोललो. ती म्हणाली, माझं मांजर पाणी बघून पळतं, तू आधी डोळे तपास. आजपासून पहारा. ड्रमशेजारी खुर्ची टाकली. डास चावून पाय सुजले.

१ मार्च
शिवलिंगमला हॉस्पिटलात नेलं. पलीकडच्या गल्लीतला, ऊस वाहणारा. डेंग्यू म्हणे. सकाळी उठलो तर फूलमती ड्रम कलंडवायला निघालेली. मनगट धरून थांबवली. जरा जोरात धरलं गेलं. 

५ मार्च
पुन्हा बारीक पिल्लं. पुस्तकात आहे, मादी नराशिवाय परत विते. पण मादी बरणीत आहे. यावर नंतर विचार करू.

१० मार्च
फूलमतीला ताप. डोळ्यांच्या मागे ठणकतं म्हणते. उन्हात कपडे वाळत घातले, त्याचं असणार. गोळी दिली. पेज मी केली. खाली लागली.

१३ मार्च
तिच्या हिरड्यांतून रक्त. वासेवाने मला न विचारता टॅक्सी आणली. मी चप्पल शोधत होतो तर म्हणाली, तू राहा, ड्रम कोण राखणार? तरी गेलो. डॉक्टरने विचारलं, घराजवळ साठलेलं पाणी आहे? नाही म्हणालो. मत्स्यपालन वेगळं.

१५ मार्च
हेल्थवाली मुलगी आली. ओगराळ्याने ड्रमचं पाणी काढून पांढऱ्या ताटलीत ओतलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. कल्ले नाहीत. पर नाहीत. अंगावर केस. काका, हे मासे नाहीत, ती म्हणाली. मी म्हणालो, लहान आहेत अजून.  तिने ताटली खिडकीतल्या बरणीत रिकामी केली. मासोळीने एकेक अळी टिपून सगळ्या संपवल्या. उपाशी होती बिचारी. ड्रम मीच कलंडवला. पाणी पायावरून गेलं, ते जिरेपर्यंत तिथेच उभा होतो. वासेवा कुंपणापाशी होती. 

१८ मार्च, हॉस्पिटल
प्लेटलेट अजून उतरतायत. उद्या बघू, एवढंच म्हणतात. दुपारी फूलमतीने डोळे उघडले. पिल्लं कशी आहेत, विचारलं.
मोठी झाली, मी म्हणालो. उडून गेली.
कुठे, तिने विचारलं. मग झोप लागली. झोपच आहे, नर्सने बघून सांगितलं.
तिच्या मच्छरदाणीला पायाकडे भोक आहे. नर्सला दाखवलं. बदलून देते म्हणाली, त्याला बराच वेळ झाला. भोक उजव्या मुठीत धरून बसलोय. हे डाव्या हाताने लिहिलं.