खिशातला फ्यूज

प्रिय सुचू,

आपलं रोज फोनवर बोलणं होतं, तरी हे पत्र लिहिते आहे. फोन स्पीकरवर असतो आणि बाबा शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत असतात. शिवाय मला लिहूनच नीट सांगता येतं. छिंदवाड्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर दर रविवारी आम्हाला घरी पत्र लिहायला बसवायच्या, ती सवय काही सुटली नाही. निवांत वाच, ऑफिसात उघडू नकोस.

आठ दिवसांपासून आम्ही सौंसरला सुनंदामावशीच्या बागेत गाडी लावून राहतो आहोत. संत्र्याला फुलं आली आहेत, खिडकी उघडली की चहालाही त्यांचा वास येतो. एवढ्याशा जागेतला तो ओटा, दोन पलंग, टोपीएवढं बेसिन. पांढुर्ण्याच्या घरापेक्षा मला हेच घर जास्त आपलं वाटतं. रेल्वेतून रिटायर झाल्यावर बाबांनी ती जुनी टूरिस्ट व्हॅन अंगणात आणून उभी केली, तेव्हा शेजारच्या प्रेमलताबाईंनी विचारलं होतं की आता म्हातारपणी बाराती वाहता का. मागच्या दिवाळीत तू सुट्टी घेऊन आलीस आणि दहा दिवसांत आतली सगळी वायरिंग केलीस. तू आडवी पडून तारा ओढत होतीस आणि बाबा टॉर्च धरून बसले होते. तू लहान असताना अगदी उलट चित्र असायचं. मी मेथी निवडत दारातून पाहत होते. तशी दिवाळी मला दुसरी आठवत नाही.

आणि मग इथे आल्यावर गाडीतली लाईट जायला लागली. दुपारी पंखा चालता चालता बंद, फ्रिज बंद, नळाचा पंपही बंद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आपोआप चालू. तू फोनवर एकेक सांगत गेलीस आणि मी करत गेले. मीटर लावला, बॅटरी साडेबारा व्होल्ट दाखवत होती. तिच्या टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुतली. बाहेरची केबल बदलली. चार्जरचा हिरवा दिवा पाहिला. तू दर वेळी विचारायचीस, मेन फ्यूज ठीक आहे ना, आणि दर वेळी बाबा मागून सांगायचे, पाहिला आहे. इथला राजू मिस्त्री दोनदा येऊन गेला. तोही पलंगाखालच्या फ्यूजच्या काळ्या डबीला हात लावणार होता, तर बाबा म्हणाले, पाहिला आहे. तीस वर्षं रेल्वेच्या डब्यांचे दिवे-पंखे दुरुस्त केलेल्या माणसाच्या शब्दावर कोण डबी उघडणार? तूही नाही, मीही नाही. शेवटी तू म्हणालीस की तुझाच एखादा जोड ढिला राहिला असणार. तुझा आवाज किती लहान झाला होता, सुचू. त्या दिवशी तुला थांबवायला हवं होतं, पण तेव्हा मलाच काही माहीत नव्हतं.

तुला भिवाजीकाका आठवतात? बाबांचे रेल्वेतले जोडीदार. उजव्या हाताची दोन बोटं भाजून वाकडी झालेली, आणि त्याच बोटांत तुझ्यासाठी पेपरमिंटची गोळी धरून यायचे. ती बोटं कशाने भाजली ते तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी नागपूरला ते डब्याखाली काम करत होते आणि वर कोणीतरी न विचारता फ्यूज लावून विजेची लाईन दिली. बाबा तिथेच उभे होते. त्यानंतर बाबा कुठलंही काम सुरू करण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. ज्याने काढला त्यानेच लावायचा, आणि तोही खालचा माणूस वर आल्याचं डोळ्यांनी पाहून. कधीकधी तो फ्यूज घरी यायचा आणि मी धुवायच्या कपड्यांतून काढून जपून बुद्धमूर्तीपाशी ठेवायचे.

परवा दुपारी इथे बाबांचा सदरा बादलीत टाकताना खिशात हाताला काहीतरी कडक लागलं. कागदाच्या पुडीत आपल्याच गाडीचा फ्यूज होता. पंखा तेव्हा तासाभरापासून बंदच होता. मी पलंगाखाली वाकले, डबी उघडली, फ्यूज बसवला. पंखा फिरला आणि बाबा ताडकन उठले. पस्तीस वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला नाही, तुला माहीत आहे. माझ्याकडे परक्यासारखं बघत म्हणाले, "माणूस खाली काम करून राहिला न बाई, लाईन कायले देता?"

मी कोण माणूस म्हणून विचारलं. म्हणाले, भिवाजी.

काकांना जाऊन सहा वर्षं झाली. बाबा स्वतः खांदा द्यायला होते. मी फ्यूज परत काढून त्यांच्या हातात दिला, पायऱ्या उतरून गाडीला एक चक्कर मारली आणि आत येऊन सांगितलं की भिवाजीभाऊ वर आले, हात धुऊन राहिले. बाबांनी लांब श्वास सोडला. मग स्वतः गुडघे टेकून फ्यूज लावला आणि मला म्हणाले, "करुणा, चहा ठेव, एक कप जास्त."

तेव्हापासून मी मागचं आठवते आहे. चहात दोनदा साखर, पांढुर्ण्याच्या स्टेशनवर कारण नसताना जाऊन बसणं, तुझ्या फोननंतर कोण होतं म्हणून विचारणं. मी हे सगळं वयावर ढकलत आले. तुझ्यापासूनही लपवलं, कारण सांगितलं की ते खरं होईल असं वाटायचं.

म्हणून हे पत्र. दुसऱ्या शनिवारी येऊन सगळी वायरिंग उखडून नव्याने करते म्हणालीस, तसं करू नकोस. तुझ्या कामात एकही जोड ढिला नाही. काल बाबा तारांवरून बोट फिरवत म्हणाले की ज्याने हे केलं त्याचा हात फार साफ आहे. मी नाव सांगितलं नाही, ते तू येऊन सांग. त्यानंतरच्या सोमवारी नागपूरला डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तिथे मला एकटीला जायचं नाही. जमलं तर नंतर ठरल्याप्रमाणे तिघं सांचीला जाऊ. आणि तू येशील तेव्हा पंखा बंद असला तर डबी उघडू नकोस. थोडा वेळ गाडीखाली जा, कपड्यांना माती लागू दे. मग वर येऊन त्यांच्यासमोर उभी राहा आणि सांग की बाबा, काम झालं, खाली आता कोणी नाही. खिशातला फ्यूज ते स्वतःच काढून लावतील.

वाट पाहणारी, तुझीच
आई