दोन होपस्टिल लूमिस

नॉर्थ हार्लो,
२३ एप्रिल १८९७

चि. सौ. लव्हिना हीस,
केझायावहिनीचे आशीर्वाद. पत्र पावलं. हे उत्तर उभ्याउभ्या वाचू नकोस, बसून वाच.

...चुलीतली राख काढून मी साबणाच्या पिंपात टाकत होते. गायींचं पाणी झालं होतं, दुधावरची साय काढायची राहिली होती. यांनी, म्हणजे तुझ्या दादानं, मोठ्या विळ्याला धार लावली. मग कुरणाच्या वरच्या कडेला आपल्या घराण्याच्या कबरी आहेत, तिथलं गवत कापायला हे गेले. थोड्या वेळानं परत आले ते मेंढ्यांची कात्री मागायला. गवतानं तिची धार जाईल म्हणून मी ओरडले. त्यावर म्हणाले, त्या लहानग्याच्या दगडाला विळा लागला तर टवका उडेल. कात्री घेऊन गेलेच. न्याहारीला आले तेव्हा दोन्ही गुडघे हिरवे. ती पाटलोण मी पुन्हा पुन्हा धुतली, डाग गेला नाही. त्या सकाळी दुसरं काहीही घडलं नाही. ते जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्या आजारपणातलं मला फारसं आठवत नाही, ही सकाळ मात्र आठवते.

आणि आज तुझं पत्र येतं, की तो लहान दगड उपटून कोठारात ठेव, कारण तो तुझ्या वंशावळीच्या आड येतो!

तुझे ते वंशावळवाले पिंकहॅम सप्टेंबरात इथे येऊन गेले. ताटलीतले सगळे डोनट खाल्ले आणि मला सांगितलं, की आजवर एकाही घराण्याच्या मुळाशी त्यांना नुसता शेतकरी सापडलेला नाही. मी म्हटलं, नशीबवान आहात, आमच्याकडे गेली पावणेदोनशे वर्षं दुसरं काही पिकलेलंच नाही. मग त्यांनी कबरींपाशी गुडघे टेकून, माती उकरून लहान दगड मोठ्यानं वाचला: एबनेझर आणि प्रूडन्स लूमिस यांचा मुलगा होपस्टिल, वय सात महिने. तेव्हा माहीत नव्हतं असं त्यांनी म्हणू नये.

तूही म्हणू नयेस. प्रूडन्सचं बाळ गेलं, त्याच हिवाळ्यात प्रूडन्स गेली. एबनेझरनं घरच्या मोलकरणीशी, हॅनाशी, लग्न केलं. तिला मुलगा झाला, त्याला मेलेल्या भावाचंच नाव दिलं, त्या काळी सगळेच देत तसं. हा दुसरा होपस्टिल म्हातारा होऊन मेला, आणि आपण सगळे लूमिस त्याचे, म्हणजे हॅनाचे. हे तुझ्या वडिलांनी तुला मांडीवर घेऊन सांगितलेलं आहे. पण प्रूडन्स पडली कुठल्याशा गव्हर्नरची भाची. म्हणून पिंकहॅमनी दोन मुलांचा एक केला आणि आपल्याला तिच्या पदरात बांधलं. सात महिन्यांच्या बाळाला नातवंडं झाल्याचा चमत्कार बायबलातही नाही. मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं आहे.

दगड हलणार नाही. ऑगस्टाला गोड पापा.
माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल, पत्रं कमी करू नकोस.
तुझी वहिनी
केझाया


बॉस्टन,
३० एप्रिल

ती. केझायावहिनीस,
लव्हिनाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हे खूप हसले. मी हसले नाही. तुम्हाला तिकडे डोंगरात काय कळणार! इथे वसाहतीतल्या पहिल्या मोठ्या घराण्यांच्या लेकींचं जे आद्यकन्या मंडळ आहे, त्याची पदकं छातीवर लावून बायका चहाला येतात आणि माझ्याशी बोलताना माझ्या बुटांकडे बघतात, कारण यांचं बुटांचं दुकान. मिसेस लॅथ्रप मला परवा म्हणाल्या, की तुमचे बूट फार टिकतात हो. एवढंच बोलल्या. मंडळात माझं नाव आलं की याच बाईंना मला ताई म्हणावं लागेल.

प्रार्थनामंदिराला आग लागली तेव्हा गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या जळाल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. एबनेझरच्या मृत्युपत्रात नुसतं 'माझा मुलगा होपस्टिल' असं आहे, आई कोण ते नाही. उरले ते दगड. मंडळाचे गृहस्थ मेच्या मध्याला ते बघायला येणार. मी दगड फोडा म्हणत नाही वहिनी, महिनाभर बाजूला ठेवा म्हणते. त्या बाळाला ना बायको, ना वारस. त्यात कुणाचं काय बिघडतं? आणि हॅनाचं तर आडनावही कुठे सापडत नाही. अर्जात काय लिहू? 'हॅना, भांडी घासणारी'?

दादा असता तर त्यानं माझ्यासाठी एवढं केलं असतं. तुमच्या पुस्तकं वाचण्याला पाद्रीसुद्धा वचकून असतात म्हणे. पण नणंदेची हौस पुस्तकात नसते.
राग धरू नये, आणि धरलाच तर दगड हलवून झाल्यावर धरावा.
आपली
लव्हिना


नॉर्थ हार्लो,
४ मे

चि. सौ. लव्हिना हीस आशीर्वाद.

दादानं काय केलं असतं ते तू मला सांगू नकोस. त्यांनी तुला नाही म्हटलं नसतं. बाहेर जाऊन लाकडं फोडत बसले असते, आणि तू कंटाळून परत जाईपर्यंत आमची तीन हिवाळ्यांची सोय झाली असती. दगड तिथेच राहिला असता.

हॅनाला आडनाव नाही म्हणून तुला लाज वाटते. हात होते ना? मोलकरीणच ती, प्रूडन्सच्या बाळाचे लंगोट दुसऱ्या कुणी धुतले असतील? त्या बाळाला तिनं खेळवलं, पुरताना पाहिलं, आणि मग पोटच्या पोराला जन्मभर त्याच नावानं हाक मारली. गव्हर्नरच्या भाचीपेक्षा मला ही नातलग पसंत आहे. मिसेस लॅथ्रपना तुला ताई म्हणायला लावायचं म्हणून तू हॅनाला आई म्हणणं सोडतेस. सौदा तुझा तू बघ. मी तरी यात बुडीतच बघते.

आता लिहू नये ते लिहिते. कबरींच्या वरच्या कोपऱ्यात एक साधा धोंडा आहे, नाव नसलेला. तुझ्या वडिलांनी ओढ्यातून उचलून आणलेला. त्या उन्हाळ्यात तू तुझ्या पहिल्या ऑगस्टाला घेऊन माहेरी आलीस आणि एकटी परत गेलीस. पुढे दुसरी मुलगी झाली, तिचंही नाव ऑगस्टा ठेवलंस. ती आता पियानो वाजवते, देव तिला शंभर वर्षं देवो. पण उद्या कुणी पिंकहॅम आपल्या सोयीसाठी दोघींची एक करेल. तेव्हाही 'कुणाचं काय बिघडतं' असंच म्हणशील का, ते मला कळव.
वहिनीला विसरलीस तरी त्या धोंड्याला विसरू नकोस.
केझाया


बॉस्टन,
८ मे

श्रीमती केझाया लूमिस यांस,
स. न. वि. वि.

वडिलांच्या मृत्युपत्राप्रमाणे कबरींची जागा त्यांच्या सर्व मुलांसाठी मोकळी आहे आणि तिथे येण्यास मला कुणाची परवानगी लागत नाही. गुरुवारी, १३ तारखेस, माझी दोन माणसं गाडी घेऊन येतील व दगड इकडे आणतील. त्यांना अडवू नये.

तुम्ही विचारलेल्या गोष्टीबद्दल मला यापुढे काहीही लिहू नये.
लव्हिना क्रॉकर


नॉर्थ हार्लो,
१७ मे

सौ. लव्हिना क्रॉकर यांस, तुमच्या वहिनीचे, न मागता, आशीर्वाद.

तुमची माणसं गुरुवारी आली. मी अडवलं नाही. उलट कॉफी दिली, कारण चिखलात त्यांची गाडी रुतली होती आणि ती दोघं शिव्या फार सुरेख देत होती. त्यांच्याजवळ तुमच्या हातची चिठ्ठी होती: होपस्टिल लूमिसचा दगड, भिंतीजवळचा, सांभाळून आणावा. दगड बाळाचा आहे हे लिहायची तुम्हाला लाज वाटली असावी.

भिंतीजवळ होपस्टिलचे दगड दोन, हे तुम्हाला ठाऊक आहे. लहान दगड जमिनीत खचत खचत माथ्यावर कोरलेल्या पंखवाल्या कवटीपर्यंत गेला आहे, आणि यंदा त्यावर जुनिपरचं झुडूपही आलं आहे. मोठा छातीएवढा, सरळ उभा, त्यावर नाव वीतभर अक्षरांत. माणसांनी त्यावर हात ठेवून मला विचारलं, की होपस्टिल लूमिस म्हणतात तो हाच ना. मी म्हटलं, हाच. तो होताच. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायचीही नाही. त्यांनी तो तुमच्या रजयांत गुंडाळला आणि नेला.

शनिवारी तुमच्या मंडळाचे गृहस्थ आले. मिस्टर थॉर्न म्हणून आहेत, वाळकेसे, पण माणूस सरळ वाटला. एकही डोनट खाल्ला नाही. त्यांनी जुनिपर बाजूला सारला, काठीनं माती उकरली, आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं. तुमच्या अर्जात लिहिलेला प्रूडन्सचा होपस्टिल त्यांना अगदी पाहिजे तसा सापडला होता, फक्त सात महिन्यांचा. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि मला विचारलं, की ज्यांना पुढे मुलंबाळं झाली ते होपस्टिल कुठे आहेत. मी सांगितलं, ते गुरुवारी बॉस्टनला गेले.

परत कधी येणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते त्यांच्या वंशजांच्या मर्जीवर आहे. मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, पूर्वज हरवलेली घराणी पुष्कळ पाहिली, पण गाडीभाडं भरून पूर्वजाला घरातून काढणारं हे पहिलंच.

मुलगा गेल्यावर नातू सांभाळतात. तुम्ही खापरपणजोबा नेलात, तर सांभाळा. थंडी लागू देऊ नका.
माया आटली असल्यास तसं स्पष्ट लिहावं.
केझाया लूमिस


बॉस्टन,
२४ मे

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

दगड तळघरात कोळशाशेजारी आहे. हे रोज सकाळी खाली जाऊन त्याला टोपी काढून नमस्कार करतात आणि रात्र कशी गेली ते विचारतात. मंडळाचं पत्र आलं. अर्जदाराचा पूर्वज, अर्जदाराचा पूर्वज होण्याइतका जगल्याचं आढळत नाही, असं त्यात आहे. मिसेस लॅथ्रपनी ते चहाला वाचून दाखवलं असं कळलं. पिंकहॅम आता पत्रांना उत्तर देत नाहीत. तुम्ही हसलाच असाल, आणखी हसा.

काल घरात कुणी नव्हतं. दगडाला ओल लागते का बघायला म्हणून मी खाली गेले आणि कोळशाच्या पेटीवर बसले. 'होपस्टिल' वाचलं. हे नाव कोरताना याच्या घरच्यांना दोघांतला कोण आठवला असेल, असं मनात आलं. मग मी माझ्या पहिलीचा चेहरा आठवायला लागले. आठवत नाही वहिनी. डोळे मिटले की दुसरीच येते, लहानपणची. नाव हाका मारून मारून तिचं झालं, आणि नावाबरोबर तोंडही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की नाव पुन्हा ठेवलं म्हणून ती राहिली. हसताना मान एका बाजूला जायची, एवढंच एक सापडतं, आणि तेही दोघींतल्या कुणाचं, याची खात्री नाही. यांना विचारलं. त्यांनाही सांगता येईना.

शुक्रवारच्या गाडीनं दगड घेऊन मी येते. माझा राग गेलेला नाही. तोही बरोबर आणेन. माझं अंथरूण खालच्या खोलीत घालावं, जिना आता होत नाही.
लोभाचं काय करायचं ते समोर बसून ठरवू.
आपली
लव्हिना


नॉर्थ हार्लो,
२ जून

चि. सौ. लव्हिना हीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या माणसांनी खापरपणजोबाला नीट रोवलेलं नाही. ते डावीकडे कलले आहेत. बॉस्टनला जाऊन आलेल्या माणसांचं तसं होतं, मी पाहिलं आहे. ओल जाऊन जमीन घट्ट झाली की मी सरळ करवून घेईन.

तू वरच्या धोंड्यापाशी बसलीस तेव्हा मी तिकडे आले नाही. परत आलीस तेव्हा मी ताटं वाढली, आणि तू शेंगांच्या रश्श्यात मीठ जास्त आहे एवढंच बोललीस. मीठ बरोबर होतं. चेहरा आठवत नाही म्हणून तू स्वतःला खाऊ नकोस. मला यांचा चेहरा पुरता आठवतो, कानामागच्या चामखिळीसकट, आणि त्यानं दिवस काही सोपे जात नाहीत.

तोंडानं सांगायचं होतं ते गाडीची शिट्टी झाली म्हणून राहिलं. हसताना मान एका बाजूला जायची ती पहिलीची. डाव्या बाजूला. मी तिला या स्वयंपाकघरात आठ आठवडे कडेवर घेऊन फिरले आहे. तुझी दुसरी मान वर करून हसते, अगदी तुझ्यासारखी. यात माझा घोटाळा होत नाही.

मिसेस लॅथ्रपना माझा नमस्कार नको सांगूस. मुलीला पापा, क्रॉकरना आशीर्वाद.
भांडायला का होईना, पानं गळायच्या आत ये.
तुझी
केझायावहिनी

ता. क. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हार्लोला गावच्या कचेरीत गेले आणि जन्ममृत्यूच्या नव्या वहीत पहिल्या होपस्टिलचं नाव घालायला लावलं, प्रूडन्सचा म्हणून. आणि त्याच्याखाली दुसऱ्याचं, हॅनाचा म्हणून. कारकुनानं विचारलं, की इतक्या वर्षांनी याचा उपयोग काय. मी म्हटलं, काही नाही. त्यानं लिहून घेतलं. शाई वाळेपर्यंत मी तिथे उभी राहिले आणि मग घरी आले.