गुरुवारचा बाराचा भोंगा

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक,
मुख्य कार्यालय, पहिला मजला

विषय : येत्या गुरुवारी दुपारी बाराचा भोंगा अर्जदाराचा निरोप येईपर्यंत थांबवून ठेवण्याबाबत.

संदर्भ : आपली 'कारणे दाखवा' नोटीस, जी अर्जदारास शनिवारी इस्पितळाच्या जिन्यात हाती मिळाली.

महोदय,

१. अर्जदार गेली एकोणीस वर्षे कारखान्याचा भोंगा वाजवतो. या काळात, नोटिशीतला एक दिवस सोडता, भोंगा कधी मिनिटभर मागे-पुढे झाला नाही. लोक घड्याळं आपल्या भोंग्यावर लावतात, असे आपणच मागच्या सभेत म्हणाला होतात, तेव्हा अर्जदार मागच्या रांगेत उभा होता.

२. सहा आठवड्यांपूर्वी बाराचा भोंगा एक वाजून पंचवीस मिनिटांनी झाला, हा नोटिशीतील पहिला आरोप. तो खरा आहे. त्या दिवशी अर्जदार रजेवर होता व भोंग्याच्या दांड्यापाशी बदली कामगार होता, ज्यास सगळे 'तात्काळ' म्हणतात. त्याचा यात काडीचा दोष नाही. अर्जदाराने भोंग्याच्या खोलीतल्या फोनवर "मी सांगेपर्यंत हात लावू नकोस" असे बजावले आणि तो बिचारा दीड तास हात मागे बांधून उभा राहिला.

३. कारण असे की, अर्जदाराची मुलगी, वय वर्षे चार, जिला घरात पिटू म्हणतात, तिचे दोन्ही खुबे जन्मापासून निखळलेले आहेत. त्या दिवशी उजव्या खुब्याची शस्त्रक्रिया होती. आमचे घर आणि इस्पितळ, दोन्हीकडे भोंगा स्पष्ट ऐकू येतो. भोंगा म्हणजे बाबाचा हात, हे तिच्या डोक्यात पक्के बसले आहे, कारण अर्जदाराने एकदा तिला भोंग्याच्या खोलीत नेऊन दांड्यावर तिचा हात ठेवला होता. (ही परवानगी घेतली नव्हती. तेही आता नोंदवून घ्यावे.) भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिने बजावले, "बाराचा भोंगा झाला की मी उठणार. त्याच्या आधी नाही." डॉक्टर म्हणाले, बरं, बाराच्या आत आटपतो.

४. बाराला दहा कमी असताना शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा तसाच होता. अर्जदार तोवर बाहेरच्या बोळातून किती फेऱ्या मारून आला याची गणती नाही. सफाईवाल्या बाईंनी ओल्या फरशीवरून दोनदा हाकलले. भूल औषधाने उतरते, भोंग्याने नाही, हे अर्जदाराला ठाऊक होते. मुलीच्या आईनेही तेच सांगितले, "अहो, बसा जरा, असं कुठं असतं का?" पण कळतं पण वळत नाही, त्यातली गत. भोंगा झाला, पोरीने दिलेला शब्द पाळला आणि आत अजून टाके घालायचे राहिले असले तर? एवढेच डोक्यात घुमत होते. म्हणून फोन केला.

(येथे अर्जदारास उठावे लागले. शेजारच्या खाटेवर मुलीला प्लास्टरच्या आत खाज सुटते. फूटपट्टी आत घालायला नर्सबाईंची मनाई आहे, म्हणून वरून टिचक्या माराव्या लागतात. उशीर झाल्यास रागावते.)

५. चारशे कामगार उपाशी राहिले, हे खरे व लाजिरवाणे आहे. तथापि फाटकावर मोबाईल जमा असल्याने वेळ पाहता येत नव्हती, तरी भुकेल्या पोटी कोणी जागचा हलला नाही, यावरून भोंग्यावरील त्यांचा भरवसा ध्यानात यावा. इस्पितळातल्या नर्सबाईंचेही जेवण लांबले. त्या दिवशी कारखान्याचे बाराच वाजले नाहीत असे म्हणून मुकादम आजही चिडवतात. अर्जदार ऐकून घेतो.

६. दुसरा आरोप, नोंदवहीत खोटी वेळ लिहिल्याचा. एक वाजून वीस मिनिटांनी तिला बाहेर आणले. हाक मारली, गालावर हात फिरवला, पापणी हलेना. नर्सबाई म्हणाल्या, वेळ लागतो. अर्जदाराला दम निघेना. 'तात्काळ'ला फोन केला, वाजव. भोंगा झाला, आणि तिने डोळे उघडले. औषध उतरायची वेळ तीच असेल, अर्जदार वाद घालत नाही. ती म्हणाली, "बाबा, बारा?" अर्जदार हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी नोंदवही समोर आली तेव्हा, तिला एक सांगायचे आणि वहीत दुसरे लिहायचे, हे हातून होईना. म्हणून १२.०० लिहिले. तांबड्या शाईने दुरुस्ती करण्यास हरकत नाही.

७. आता विनंतीकडे येतो. गुरुवारी सकाळी दहाला डावा खुबा आहे. या वेळी जास्त वेळ लागेल असे डॉक्टर आधीच म्हणाले आहेत. तिनेही आपली अट आधीच घातली आहे. आणि नोटिशीच्या शेवटच्या ओळीत असे आहे की, बुधवारी भोंग्याला आपोआप चालणारे यंत्र बसेल व अर्जदाराने सामानाच्या कोठारात रुजू व्हावे. कोठाराबद्दल तक्रार नाही. यंत्राबद्दलही नाही. परंतु यंत्राला फोन करता येत नाही. सबब ते शुक्रवारी बसवावे व गुरुवारी दांड्यापाशी 'तात्काळ'ला उभे करावे, एवढीच प्रार्थना. कामगारांना अर्जदाराने विचारले आहे. ते त्या दिवशी सकाळी पोटभर खाऊन येणार आहेत.

८. हे जमणार नसेल तर साहेब, कृपा करून मला बुधवारी दुपारपर्यंत कळवा. भोंगा आता बाबाच्या हातात नाही, हे तिला आत नेण्याआधी सांगावे लागेल. शनिवारपासून रोज सांगायला बसतो आणि टिचक्या मारून उठतो.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
भोंगाचालक
(मुलांचा कक्ष, खाट क्र. ९)
सोमवार

सोबत :
१) शस्त्रक्रियेची तारीख दिलेला इस्पितळाचा कागद.
२) आपली नोटीस, मूळ प्रत. मागच्या बाजूस मुलीने भोंगा काढला आहे. माणूस दिसतो तो अर्जदार.