तळहातावरची टकटक

गुरुवार, दिवाबत्तीनंतर.

जपात मन लागेना. कानात ती टकटकच.

मागांच्या खडखडाटात ह्यांचे कान गेले. गिरणीत ते चालून जायचं, तिथे सगळे हातवाऱ्यांनीच बोलत. संपामुळे टॅक्सी दुरुस्तीचं काम धरलंय, आणि तिथे तर कानच लागतात.

खालच्या खोलीतल्या दत्ताराम भावजींना आपल्या टॅक्सीच्या इंजिनाला जास्त जोर हवा होता. हे म्हणत होते, वॉल्वची उघडझाप करणारा दांडा, ती कॅमशाफ्ट, साधीच बरी. भावजींनी हट्टाने जास्त जोराची, तेजवाली आणली. तिच्यावर वॉल्वची गॅप, म्हणजे वॉल्वमागची फट, किती ठेवायची, कुणालाच माहीत नाही. गॅप जास्त तशी टकटक जास्त; आवाजावरून ठरवायची म्हणून मला बॉनेटपाशी उभं केलं.

“टकटक येता काय गो?”

येत होती. ह्यांनी गॅप कमी केली, पुन्हा विचारलं. शेवटी टकटक पार थांबली तेव्हा मी आनंदाने हात हलवला, तर ह्यांचा चेहरा उतरला. “अजिबात नाय म्हणजे वॉल्व जळतलो. थोडी हवीच.”

थोडी म्हणजे किती? मला इंजिन कळत नाही, ह्यांना ऐकू येत नाही. ह्यांनी गॅप वाढवली आणि मी ह्यांच्या तळहातावर बोटाने टकटक वाजवून दाखवली. “इतकीच?” म्हणून ह्यांनी विचारलं. पुन्हा वाजवायला गेले, तर आधीची केवढी वाजवली तेच आठवेना.

“वैनी, आता तुम्हीच मेस्त्री,” म्हणत भावजी गाडी घेऊन निघाले. वॉल्व जळला तर चाळीत ह्यांना दुसरी गाडी कोण देणार? हे माझ्या तोंडाकडे बघत होते. बरोबर आहे म्हणून मी मान डोलावली. नाक्यापर्यंत टकटक ऐकू आली. थोडी होती की जास्त, देवा, तुलाच ठाऊक.